मास्तरांची मोहरी

नोकरी मागायला मी मास्तरांपुढे उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझी सर्टिफिकिटं बघितलीसुद्धा नाहीत. काळ्या कोटाच्या खिशातून तपकिरीची डबी काढली, झाकण उघडलं आणि म्हणाले, "हात पुढं करा."

मी तपकीर ओढत नाही. पण नोकरी हवी होती, म्हणून मुकाट्यानं हात पुढे केला. तर त्यांनी चिमटीनं मोहरीचा एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. एकच. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय दिसतं?"

"मोहरी."

"नीट बघा."

मी नीट बघितली. मोहरीच होती. शेवटी घाबरून म्हटलं, "फार लहान आहे."

"बरोब्बर!" मास्तर इतक्या जोरात ओरडले, की दाणा माझ्या हातातून उडून गेला. "उद्यापासून या!"

अशी मला नोकरी लागली. पहिलं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. रत्नागिरीहून तरीच्या होडीनं खाडी ओलांडायची, चढण चढून कातळावर यायचं, तिथे मिशनची एकखणी शाळा. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, भोवती दगडावर दगड रचलेला गडगा. मास्तर हेडमास्तर, मी दुय्यम, आणि मुलं नऊ. आईनं मला पहिल्या दिवशी विचारलं, "ख्रिस्तावाच्या शाळेत जातोस तर जा बाबा, पण पाणी घरून नेशील ना?" मी वर्षभर तांब्या नेला. मास्तरांनी कधी त्या तांब्याकडे बघितल्याचं दाखवलं नाही. पुढच्या वैशाखात एकदा तांब्या घरी विसरला, घशाला कोरड पडली, आणि मी मास्तरांच्या घरच्या माठातलं पाणी प्यालो. तेव्हाही ते काही बोलले नाहीत. तांब्याचं ओझं मात्र कायमचं गेलं.

मास्तर नगरकडचे. तिकडच्या कोरड्या हवेत शिवलेला जाड काळा कोट आमच्या घामट गावातही गळ्यापर्यंत बटणं लावून घालत. खाली धोतर, हातात छत्री. ऊन असो, नसो, छत्री उघडलेली. आणि लहान वस्तूंचं त्यांना वेड. बसायला बुटकी खुर्ची. अक्षर इतकं बारीक, की आख्खं रविवारचं प्रवचन आगबोटीच्या तिकिटाच्या पाठीवर मावायचं. मासळीत सुरमई, सरंग्याला हात लावायचे नाहीत, पण जवळा दिसला की डोळे चमकायचे. "बघा," म्हणायचे, "मुठीत दोनशे जीव! आणि एकाची चव दुसऱ्यात मिसळत नाही." मिसळते. मी कोकणातला, मला ठाऊक आहे. पण कोण बोलणार?

मोहरीचे दाणे ते भेटेल त्याच्या हातावर ठेवत. तरवाल्याच्या, पोस्टमनच्या, बाजारातल्या कोळणीच्या. त्यांच्या घरच्या बाई, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, कपाळाला हात लावून म्हणायच्या, "आमच्या घरात फोडणीला मोहरी नसते हो. ती सगळी धर्माला जाते."

आणि त्यांची हजेरी! नऊ मुलांची नावं झाली की हजेरीपट संपायला हवा. पण मास्तर पान उलटत. तिथे वाडीतल्या बायकांची यादी होती. नावं कुणी सांगत नसे, म्हणून 'गावकरांची सून', 'तांडेलाची बायको', 'शेवटच्या घरातली म्हातारी' असं लिहिलेलं. मास्तर मोठ्यानं हाक मारत, "गावकरांची सून?" मग चष्म्यावरून दाराकडे बघत. दारात फार तर एखादी शेळी असायची. मग स्वतःच म्हणत, "येईल." आणि गैरहजेरीच्या फुलीऐवजी मोहरीएवढा ठिपका देत. रोज. मुलं खिदळायची, मी खिडकीबाहेर बघायचो. एकदा शाळा तपासायला दिपोटी आले, त्यांनी विचारलं, "हे ठिपके कसले?"

"पेरणी आहे साहेब," मास्तर म्हणाले.

दिपोटींनी शेरेबुक मिटलं आणि परतीच्या तरीची वेळ विचारली.

बायकांची ही यादी उगीच नव्हती. वाडीतला जवळजवळ प्रत्येक कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचं कार्ड यायचं. कार्ड सासऱ्याच्या हातात पडायचं, सासरा ते घेऊन शाळेच्या पडवीत यायचा, मागे घरची मंडळी, आणि मास्तर किंवा मी ते मोठ्यानं वाचून दाखवायचो. 'वडिलांस साष्टांग नमस्कार. मी खुशाल. गायीस सांभाळणे.' ज्या बाईचा नवरा तिकडे होता, ती खांबाआड डोक्यावर पदर घेऊन उभी. सगळं ऐकून झालं, की ती अजून कशाची तरी वाट बघत असल्यासारखी थांबायची. तिच्यासाठी काहीच नसायचं. दहा माणसांत वाचलं जाणार म्हटल्यावर कुठला नवरा काय लिहिणार?

मास्तरांना हे फार लागायचं. "तिचं पत्र तिनंच वाचलं पाहिजे," ते एकदा मला म्हणाले. कोटाची बटणं घट्ट असताना माणसाला रडू आवरणं जड जात असावं, कारण त्यांनी वरचं बटण काढलं होतं.

त्यांनी गावकरांकडे विषय काढला. गावकर म्हणजे वाडीचा शब्द. उंच, खोकणारा, तोंडाचा फटकळ म्हातारा. बायको कधीच गेलेली, घरात तो आणि सून, मुलगा मुंबईला. बायकांना शिकवायचं म्हटल्यावर गावकर म्हणाला, "बायका शिकून काय करतील? आमचे पुरुष शिकले नि मुंबईला गेले. आता बायका शिकल्या तर घरात राहील कोण, मांजार?"

मास्तरांनी त्याच संध्याकाळी पारावर येशूचा दृष्टान्त सांगायला घेतला. मोहरीचा दाणा सगळ्या दाण्यांत धाकटा; पण एका माणसानं तो शेतात पेरला, आणि त्याचं एवढं मोठं झाड झालं, की रानातली पाखरं येऊन त्याच्या फांद्यांवर राहिली. देवाचं राज्य तसं असतं. दाणा लहान म्हणून त्याला हसू नये.

गावकर सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ओ मास्तर, तुम्ही मोहरी लावलीव काय कधी?"

"नाही."

"ढोपराएवढी व्हते ती. तिच्यावर पाखरू बसला तर पाखराच्याच तंगड्या भुईला लागतील. तुमचा देव शेतकरी नव्हता वाटता?"

"नव्हता," मास्तर शांतपणे म्हणाले. "सुतार होता."

सगळा पार हसला. गावकरही हसला, आणि हसण्याच्या भरात चार माणसांत बोलून गेला, "बरा तर! तुमच्या ह्या सुताराच्या मोहरीवर पाखरू घरटा करील, त्या दिवशी वाडीतल्या बायका मी स्वतः तुमच्या शाळंत धाडीन. गावकराचा शब्द!"

मास्तरांनी डबी काढली आणि गावकराच्या हातावर एक दाणा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मोहरीची लागवड सुरू. कातळावर माती नाही, खाली लावली तर शेळ्या ठेवत नाहीत. म्हणून मास्तरांनी गडग्याच्या दगडांच्या फटींत टोपलीभर माती आणून कोंबली आणि त्यात दाणे पेरले, तेही ऐन ज्येष्ठात. मी म्हटलं, "मास्तर, आमच्याकडच्या पावसात मोहरी कुजते." ते म्हणाले, "कुजल्याशिवाय उगवतं का काही?" यावर काय बोलणार, कप्पाळ! तीन वर्षं पेरली, तीन वर्षं कुजली. गावकर चढणीवरून जाता-येता विचारायचा, "काय मास्तर, पाखरांची सोय झाली काय?"

चौथ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मास्तर धावत वर्गात आले. छत्री बंद होती, त्यावरूनच मी ओळखलं, की काहीतरी भयंकर घडलंय. "उगवली!" ते म्हणाले. "मोहरी उगवली!"

आम्ही सगळे गडग्यापाशी गेलो. फटीत इवलं रोप होतं. मी वाकून बघितलं. पानं जाड, तुकतुकीत, देठाशी लाली. मोहरी कसली? कुठल्यातरी कावळ्यानं गडग्यावर बसून केलेलं काम होतं ते. सरळसरळ वड! जांभ्याच्या फटीत वड उगवतो तसा उगवलेला. मुलांनीही ओळखला. एक जण तोंड उघडणार तोच मी त्याच्या पायावर पाय दिला. मास्तर त्या रोपापुढे गुडघे टेकून बसले होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. त्यांना त्या क्षणी 'हा वड आहे' असं सांगणारा माणूस मी नाही. तसा मी पहिल्यापासून भित्राच.

दोन दिवसांत वाडीभर झालं, की मास्तरांची मोहरी म्हणजे वड. पण नवल असं, की मास्तरांना कुणीच सांगितलं नाही. गावकरसुद्धा नाही. मास्तरांसमोर सगळे त्या झाडाला 'मोहरी' म्हणायचे आणि पाठ वळली की 'वड'. "कशी हाय मोहरी?" "दोन फांद्या फुटल्या बघा!" असं बोलणं चाले, आणि मी मान खाली घालून पाट्या पुसत बसे.

त्या उन्हाळ्यात झाड सुकायला लागलं. कातळ तापून तव्यासारखा झालेला, वर पाणी नाही. मास्तर आपल्या अंघोळीचं पाणी झाडाला घालू लागले, मग बाईंच्या अंघोळीचंही. बाई म्हणाल्या, "आता मला पारोशी ठेवून स्वर्गाला नेणार का?"

आणि एका सकाळी गावकरांची सून चढण चढून आली. डोक्यावर कळशी. तिनं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं, हात जोडले, आणि कुणाकडे न बघता परत गेली. घरी तिनं सासऱ्याला सांगितलं होतं, "वडाला पाणी घालायचा नवस हाय, घरधन्याच्या आयुष्यासाठी." वडाला पाणी घालणाऱ्या सुनेला कोण अडवणार? गावकरालाही तोंड नव्हतं. आठ दिवसांत तांडेलाची बायको आली, मग आणखी चौघी, मग शेवटच्या घरातली म्हातारीसुद्धा. रोज सकाळी कातळावर कळश्यांची रांग.

नवस हा बहाणा होता, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. पाणी ओतून झालं, की कळशीच्या तळाशी ओंजळभर शिल्लक ठेवायच्या. मग मास्तरांच्या बाई त्या पाण्यात बोट बुडवून तापल्या कातळावर अक्षर काढायच्या, आणि त्याच्या शेजारी बायका आपापल्या बोटानं तसंच काढायच्या. ऊन असं, की 'अ' काढून 'आ'ला जाईपर्यंत 'अ' सुकून गेलेला. मागे काही उरायचं नाही, कुणी आलंच तर कातळ कोरा. बाईंची युक्ती! त्यांच्या नगरी वळणाचा 'अ' खाली शेपटी काढायचा, तीच शेपटी सगळ्या वाडीच्या 'अ'ला आली.

आता माझ्या पोटात दोन गुपितं झाली. एक मास्तरांपासून लपवायचं, की ही मोहरी नव्हे, वड आहे. दुसरं गावकरांपासून, की हा नवस नव्हे, शाळा आहे. मी जात्याच बडबड्या. माझे किती हाल झाले असतील ते तुम्हीच समजा.

मास्तर त्या वेळी मुद्दाम वर्गात थांबायचे. बाहेर बायका बाराखडी गिरवतायत आणि आत हे हजेरीपट घेऊन "गावकरांची सून? येईल," म्हणत ठिपका देतायत. मी एकदा म्हटलं, "मास्तर, त्या आल्यात की!" ते म्हणाले, "पाण्याला आल्यात. शाळेला येतील." चोरून आलेलं त्यांच्या हजेरीत धरायचं नव्हतं.

अशी वर्षं गेली. रोजच्या पाण्यानं वड फोफावला. गडगा फोडून मुळं आत गेली, फांद्या शाळेच्या कौलांवर आल्या.

मग ते कार्डाचं प्रकरण झालं.

त्या वर्षी शिमग्याला गावकराचा मुलगा आला नाही. गिरणीनं रजा दिली नाही. पालखी नाचवायला घरचा मुलगा नाही म्हटल्यावर म्हातारा आठ दिवस कुणाशी धड बोलला नाही. आणि इकडे सुनेनं ठरवलं, की नवऱ्याला पत्र लिहायचं. पहिलं. आपल्या हातचं. बाईंनी तिला दौत, टाक आणि पत्ता घातलेलं कार्ड दिलं. तिनं ते गोठ्यात बसून लिहिलं आणि सुपारीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या देठाच्या सालीत, गुंडाळून माझ्याकडे दिलं. दुसऱ्याचं पत्र बघू नये ही मास्तरांची शिकवण. मी विरीतून न बघताच ते रत्नागिरीच्या पेटीत सरकवलं. हाच माझा गाढवपणा!

कारण ती सवयीची पाण्याची. पाण्याचं अक्षर चुकलं तर सुकून जातं. शाईचं जात नाही हे तिला ठाऊक नव्हतं. कार्डाच्या कोपऱ्यावर शाईचा मोठा डाग पडला, पुसायला गेली तर पसरला. नवऱ्याला पहिलंच पत्र, ते डागाचं कसं धाडायचं? म्हणून तिनं तो कोपरा नीट फाडून टाकला.

कोपरा फाडलेल्या कार्डाचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतो. कुणीतरी गेलं. असं कार्ड घरात आणत नाहीत, उंबऱ्याबाहेर पुरुषमाणूस बघतो आणि तिथल्या तिथे फाडतो. बायकांच्या दृष्टीस ते पडतच नाही, म्हणून त्या बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

चैत्र संपत आला होता. शाळेच्या पाट्यांची पेटी उतरवून घ्यायला मी बंदरावर गेलो होतो. गावकर तिथे मुंबईला नारळ धाडायला आलेला. आगबोट लांब उभी राहिली, पडाव माणसं घेऊन किनाऱ्याला आला, आणि त्यातून गावकराचा मुलगा उतरला. डोकं तुळतुळीत. मिशी साफ.

गावकर बघतच राहिला. बाप गेल्याशिवाय आमच्याकडे मिशी काढत नाहीत.

"अरे मेल्या!" गावकर ओरडला. "मिशी कुठं गेली तुझी? कोण मेला?"

मुलगा गुडघाभर पाण्यात उभा होता, तो तिथेच मटकन बसला. त्यानं बापाकडे बोट केलं. "तुम्ही!"

"मी?" गावकर स्वतःच्या छातीकडे बघायला लागला. "मी मेलो नि मनाच कोणी सांगितला नाय?"

बंदर हसून लोटपोट. पडाववाल्यांनी मुलाला उचलून कोरड्यात आणलं. त्यानं बापाचे पाय धरले, चाचपून बघितले, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. त्याच्या खोलीतल्या गाववाल्यांनी कोपरा बघून, घरात खोकणारा म्हातारा एकच म्हणून, तिथल्या तिथे त्याला न्हाव्यापुढे बसवलं होतं. त्यानं खिशातून कार्ड काढलं; ते फाडायला त्याचा हात झाला नव्हता.

"वाचलास काय?" गावकरानं विचारलं.

"असला कार्ड कोण वाचतंय, बाबा?"

गावकरानं कार्ड माझ्या हातात दिलं. "वाचा मास्तर. कोण मारतंय मना ता बघूया."

मी नजर टाकली. पहिल्याच ओळीत शेपटीवाला 'अ'. मी कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं. म्हटलं, "चष्मा घरी राहिला."

"तुम्ही चष्मा कधीपासून लावताव?"

"लावणार आहे."

"मग चला मोठ्या मास्तरांकडं," म्हणत गावकरानं माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प त्यांच्यामागून तरीत जाऊन बसलो. तरवाल्यानं मुलाचं डोकं बघून हळहळत विचारलं, "कोण गेला?" मुलानं पुन्हा बापाकडे बोट केलं. गावकर म्हणाला, "वल्ही मार."

आम्ही कातळावर पोचलो ती बायकांची पाण्याची वेळ. गावकर त्या वेळी कधी वर येत नसे, त्यामुळे सगळ्यांची पळापळ. कातळावर ओली अक्षरं तशीच. प्रत्येकीनं आपापल्या अक्षरावर पाय ठेवून पदर ओढला. पण गावकराला काय समजायचं ते समजलं. त्यानं माझ्या हातातलं कार्ड ओढून घेतलं, कातळाकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं. दोन्हीकडे तीच शेपटी.

"वडाला पाणी काय? नवस काय?" तो म्हणाला. "उद्यापासून एकही बाय हयसर दिसली तर याद राखा. नि मास्तर, वाडीतला एकही पोर तुमच्या शाळंत येणार नाय. घाला कुलूप!"

हा शब्द पोकळ नव्हता. मुलं नाहीत तर मिशन शाळा ठेवणार नव्हतं. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. मास्तर छत्री घेऊन बाहेर आले.

"गावकर, तुमचा एक शब्द आहे माझ्याकडे. मोहरीवर पाखरू."

"मोहरी?" गावकराचा संयम सुटला. "ओ मास्तर, पुरे आता! ही मोहरी नव्हं, वड हाय वड! आख्खी वाडी तुम्हाला फशिवतेय!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मास्तर मात्र हसले.

"गावकर, मी नगरचा आहे, आंधळा नाही. आमच्या गावच्या वडाखालीच मी सूरपारंब्या खेळलो. चौथ्या पानाला ओळखला मी याला."

"मग बोललाव का नाय?"

"तुम्ही सगळे इतक्या मायेनं खोटं बोलत होता," मास्तर म्हणाले, "मला मोडवेना. आणि मला पेरायला सांगितलं होतं. मी मोहरी पेरली, त्यानं वड दिला. झाड देणाऱ्याशी हुज्जत काय घालायची?"

गावकरानं हात झटकला. तो चिडून म्हणाला, "झाड झाला, बरा! पण पाखरू कुठाय?"

मुलगा झाडाखाली उभा होता. वर कावळीनं घरटं बांधलं होतं, पिलं होती. ऊन लागून चकाकणारं ते नवंकोरं टक्कल तिला कसलं वाटलं देव जाणे! ती कर्कश ओरडत खाली झेपावली आणि तिनं त्याच्या डोक्यावर ठण्णकन चोच मारली.

"आई गं!" मुलगा खाली बसला.

गावकर आ वासून बघत राहिला. मग त्याच्या तोंडून निघालं, "मेल्या, मी जिता असताना कावळा शिवला रे!"

आधी शेवटच्या घरातली म्हातारी फिसकन हसली. मग तांडेलाची बायको. मग बाई, मग मी. शेवटी गावकर स्वतः हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि गडग्यावर बसला. मास्तरांनी छत्रीच्या टोकानं वरचं घरटं दाखवलं. गावकरानं मान मागे टाकून ते बघितलं.

"गावकराचा शब्द हाय," तो अखेर म्हणाला. "मोडायचा नाय. पण ह्या कार्ड कोणी लिवला ता मना समजला पायजे."

मास्तर आत गेले आणि हजेरीपट घेऊन आले. दुसरं पान उघडलं. रोजच्यासारखी हाक मारली, "गावकरांची सून?"

कुणी हललं नाही. मास्तर 'येईल' म्हणाले नाहीत. ते थांबले.

कळश्यांच्या रांगेतून ती पुढे आली. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती.

"हजर," ती म्हणाली.

मास्तरांनी टाक दोनदा शाईत बुडवला. बाईंनी हजेरीपट धरून ठेवला, आणि त्या नावापुढे पहिल्यांदा ठिपक्याऐवजी हजेरी लागली.

गावकरानं कार्ड सुनेपुढे केलं. "वाच. काय लिवलंस ता मना ऐकूदे."

तिनं कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि एकेका अक्षरावर थांबत वाचलं, "मामंजी खुशाल आहेत. खोकल्याला काढा देते. तुम्ही शिमग्याला आला नाहीत म्हणून दोन दिवस जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले. रोज माडाखाली उभे राहून बंदराकडे बघतात. मी बघते हे त्यांना ठाऊक नाही. पुढच्या बोटीनं आलात तर त्यांना बरं वाटेल."

गावकरानं तोंड फिरवलं आणि उपरण्यानं नाक पुसलं. इतकी वर्षं आम्ही त्याच्या घरची पत्रं वाचत-लिहीत होतो, पण असलं काही आम्हाला कधी कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

सून थांबली होती.

"पुढं?" गावकर म्हणाला. "अजून लिवलेला दिसतंय."

तिनं खालच्या ओळींवर हात ठेवला. "पुढचं माझं आहे," ती म्हणाली.

गावकर उठला, मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाला, "जा, घराकडं जा दोघं. नि तू, मेल्या! वाचलं असतंस तर मिशी वाचली असती!"

दुसऱ्या दिवसापासून बायका कळश्यांशिवाय वर यायला लागल्या. वडाला पाणी घालायचं काम गावकरानं आपल्याकडे घेतलं.

चार वर्षांनी मास्तर म्हातारपणाला नगरकडे गेले. जाताना मला डबी देऊन गेले. त्यात एकच दाणा होता. बाकीचे, बाई म्हणाल्या, वाटेत लागतील म्हणून त्यांनी खिशात ठेवलेत. नंतर दर महिन्याला कार्ड यायचं, मुंगीएवढ्या अक्षरात. मग एक कार्ड बाईंच्या अक्षरात आलं. शेपटीवाला 'अ'. कोपरा फाटलेला.

मी मनाशी म्हटलं, शाई सांडली असेल. बाईंना सुद्धा सांडते कधीकधी. कार्ड खिशात घातलं, खाडीवरची तर धरली, मुलांची हजेरी घेतली. दुपारपर्यंत ते खिशातच होतं. माझ्यानं वाचवेना. सबंध वाडीची पत्रं वाचणारा मी, पण हातच वर येईना. शेवटी बायकांचा वर्ग वडाखाली भरला, तेव्हा मी ते कार्ड मुकाट्यानं गावकरांच्या सुनेपुढे धरलं.

तिनं कोपरा बघितला, माझ्याकडे बघितलं. मला गडग्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि उभ्यानं वाचू लागली. आता ती अडखळत नव्हती. मास्तर कसे गेले, शेवटी डॉक्टरांच्या हातावर दाणा कसा ठेवला, सगळं तिनं सावकाश वाचलं. बायका पदरात तोंड घालून रडत होत्या, आणि डॉक्टरांचं ऐकून रडता रडता हसतही होत्या. मग ती थांबली. खाली दोन ओळी राहिल्या होत्या.

तिनं कार्ड पालथं करून माझ्या हातात दिलं.

"पुढचं तुमचं आहे, मास्तर," ती म्हणाली.